लोकप्रिय लिनक्स कोणती? वाचकांचे प्रश्न

डिस्ट्रोवॉचवर (निरनिराळ्या लिनक्सची यादी देणारी साइट) पहिल्या नंबरला असलेली लिनक्स टाकावी का?
तो नंबर त्या साइटवरचं पान किती जणांनी उघडलं याचा आहे, किती कॉम्प्युटरवर ती चालते याचा नाही.

फ्रीबीएसडी ही जुन्या युनिक्सच्या बीएसडी शाखेतून आलेली फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे तिची मुळं लिनक्सपेक्षा जुनी. तरी लिनक्सच का पसरली? लायसन्समुळे का?
‘लायसन्समुळे’ (म्हणजे लिनक्स बदलून वाटली तर बदललेला कोडही खुला करायचा, या अटीमुळे) हे उत्तर सगळ्यांना पाठ असतं. तारखा मात्र कुणी बघत नाही. लिनक्स आली 1991 मध्ये. 1992 मध्ये एटी अँड टीच्या युनिक्स कंपनीने बीएसडी विकणाऱ्यांवर आपला कोड वापरल्याचा दावा ठोकला, पुढे बीएसडी घडवणाऱ्या कॅलिफोर्निया विद्यापीठालाही त्यात ओढलं. 1994 मध्ये तडजोड झाली तेव्हा सुमारे 18,000 फायलींपैकी काढाव्या लागल्या फक्त 3! पण तोवर घरी 386 चिपचा कॉम्प्युटर घेऊन बसलेली हौशी पोरं लिनक्सकडे वळली होती. प्रत्येकाने आपल्या साउंड कार्डाचा, नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर (ते कार्ड चालवणारा छोटा प्रोग्राम) लिहिला, म्हणून पुढच्याचं मशीन चाललं, मग त्यानेही लिहिला. लायसन्सचा वाटा आहेच, पण कोर्टात अडकलेल्या कोडवर दोन वर्षं कोण घाम गाळणार? आणि फ्रीबीएसडी ‘मेली’ म्हणणाऱ्यांनी नेटफ्लिक्सचे व्हिडिओ कोणत्या सर्व्हरवरून येतात ते बघावं. तुमच्या कामाला ती चालेल का, हे मात्र ती रोज वापरणाऱ्यालाच विचारा.

उबुंटू ही लिनक्स डेबियन या जुन्या लिनक्सवरच बेतलेली, मग नाव तिचंच का?
2004 पासून दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती, आणि 2011 पर्यंत मागितली तर सीडी टपालाने फुकट घरपोच यायची. डायल-अपवर अख्खी सीडी रात्रभरातही उतरत नसे, हे विसरू नका.

विंडोज 10 चा सपोर्ट संपला. दुकानदार 2,000 रुपयांत ‘लिनक्सचं फुल व्हर्जन’ देतोय.
बसवण्याची मजुरी घेत असेल तर घेऊ दे. पण लिनक्स मुळात फुकट आणि पूर्णच मिळते, ‘फुल व्हर्जन’ ही शुद्ध थाप. आधी पेन ड्राइव्हवरून चालवून वायफाय आणि प्रिंटर तपासा. टॅली किंवा डिजिटल सहीचा टोकन वापरत असाल तर तुमच्या सीएंना विचारल्याशिवाय विंडोज पुसू नका.

ऑफिसच्या सर्व्हरवर सेंटओएस 7 (सर्व्हरसाठी वापरली जाणारी फुकट लिनक्स) आहे. नीट चालतेय, राहू द्यावी?
तिचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, जून 2024 मध्येच संपला. सेंटओएस 8 वाल्यांना 2029 पर्यंतचा शब्द होता, तो 2021 अखेरीसच मोडला. तेव्हाच जागं व्हायला हवं होतं. बॅकअप घ्या आणि सर्व्हर सांभाळणाऱ्याशी याच आठवड्यात बोला, मार्चएंड होऊ दे म्हणू नका.