‘९९.९’ पाहताय? मग आधी तो आकडा समजून घ्या

तुम्ही लिहिलंय की ‘९९.९’ या जपानी मालिकेचे दोन भाग पाहिले, आवडले, पण दोन गोष्टी खटकल्या. जपानमध्ये खरंच ९९.९ टक्के आरोपी दोषी ठरतात का? आणि ठरत असतील, तर मालिकेचा नायक, आरोपींचा वकील मियामा, खटल्यामागून खटले कसा जिंकतो?

आकडा खरा आहे, फक्त तो कशाचा आहे ते बघा. खटला उभा राहिल्यावर शिक्षा होण्याचं हे प्रमाण आहे, पकडलेल्या सगळ्यांचं नव्हे. जपानमध्ये खटला भरायचा की नाही हे सरकारी वकील ठरवतो. गुन्हा सिद्ध होण्यासारखा असला तरी आरोपीचं वय, परिस्थिती, पश्चात्ताप बघून तो प्रकरण सोडून देऊ शकतो. हरण्याची शक्यता असलेलं प्रकरण तर सहसा कोर्टापर्यंत जातच नाही. म्हणजे निकाल बराचसा आधीच, बंद खोलीत लागलेला असतो.

त्या खोलीबद्दल मला कळकळीने सांगायचंय. अटकेनंतर आधी ७२ तास, मग १० दिवस, मग आणखी १० दिवस, असं एका आरोपाखाली २३ दिवसांपर्यंत कोठडीत ठेवता येतं. चौकशी चालू असताना वकिलाला शेजारी बसू देत नाहीत. आपल्याकडे पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. तिथे चालू शकतो, आणि त्यावर माणसं आयुष्यातून उठली आहेत. इवाओ हाकामादांना १९६६ मध्ये खुनाच्या आरोपावरून अटक झाली. जवळपास तीन आठवड्यांच्या चौकशीनंतर कबुली, आणि १९६८ मध्ये फाशीची शिक्षा. मुख्य पुरावा होता मिसोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या) टाकीत वर्षभरानंतर सापडलेले पाच कपडे. इतके महिने मिसोत मुरलेल्या कपड्यांवर रक्ताचे डाग लालसर कसे राहिले, या एका प्रश्नावर पुढे सगळं फिरलं. २०१४ मध्ये ते बाहेर आले, निर्दोष ठरले सप्टेंबर २०२४ मध्ये, ८८व्या वर्षी.

हे मनात ठेवून मियामाची पहिली भेट पुन्हा बघा. काचेपलीकडे आरोपी, अलीकडे मियामाची वही, आणि पहिला प्रश्न गुन्ह्याचा नाहीच: तुमचं गाव कोणतं? बालपणापासून सगळं विचारतो. कंपन्यांचे खटले चालवून आलेला त्याचा सहकारी वकील सादा वैतागतो, पण मला हा मालिकेतला सर्वांत सुंदर भाग वाटतो, कारण त्या माणसाचं सगळं ऐकून घेणारं त्या दिवसांत दुसरं कोणी नसतं. मात्सुमोतो जुन (मियामा) आणि कागावा तेरुयुकी (सादा) या दोघांची जुगलबंदी तर आहेच. मियामा ज्या खाणावळीच्या वर राहतो तिचं नाव ‘इतोकोन्ची’, म्हणजे ‘भावाचं घर’ (सख्खा नव्हे, आते-मामे-चुलत यांपैकी). रात्री तिथे तो स्वतः रांधतो, ते प्रसंग पळवू नका. त्याच्या वडिलांबद्दल मी काही सांगत नाही, पहिलं पर्व (२०१६) शेवटपर्यंत बघा.

तेव्हा तो जिंकतो कसा, तर सरकारी वकिलाने कागदावर मांडलेली हकिकत प्रत्यक्ष जागेवर जाऊन, तीच वेळ, तेच अंतर, तोच उजेड घेऊन पुन्हा करून बघतो. दर वेळी निर्दोष सुटका हा मालिकेचा हक्क आहे, पण पद्धत पटणारी आहे.

२०१८ च्या दुसऱ्या पर्वात ओझाकी माई ही आधी न्यायाधीश असलेली वकील येते. तेही बघा, पण मधे ‘हीरो’ (२००१) ही जपानी मालिका घ्या. ११ भागांपैकी प्रत्येक भाग ३० टक्क्यांहून जास्त घरांत पाहिला गेला होता. किमुरा ताकुयाचा कुर्यू हा सरकारी वकील आहे, सूट न घालणारा, आणि आमामिया या सहायक अधिकारी बाईंना घेऊन तोही घटनास्थळी पायपीट करतो. ‘९९.९’ मध्ये तुम्ही त्या आकड्याला काचेच्या एका बाजूने भिडता. इथे दुसरी बाजू दिसेल. पहिल्याच भागापासून कुर्यूच्या टेबलाकडे लक्ष ठेवा: समोर बसलेल्या माणसावर खटला भरायचा की नाही, ते तिथेच ठरतं.