झाकली मूठ आणि पान दहावरची पेन्सिल

प्रश्न : ताई, रात्रीची जेवणं झाली की मी आणि मिस्टर एखादी सस्पेन्सवाली सिरीज लावतो, दोन एपिसोड, जास्त नाही. आमचा मुलगा चौदा वर्षांचा आहे. तो तिसऱ्याच दिवशी मोबाईलवर शेवट शोधून काढतो, मग पाणी प्यायला आल्यासारखा येतो आणि "तो डॉक्टरच आहे खुनी" असं बोलून निघून जातो. माझा सगळा मूड जातो. मिस्टर म्हणतात एवढं काय त्यात, गोष्ट तर तीच आहे ना. मग आपण फक्त ते गुपित कळावं म्हणूनच बघतो का हो?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आधीच सांगून टाकते, मिस्टर अर्धे बरोबर आहेत. 2011 साली कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या विद्यापीठातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी आठशेच्या वर लोकांना लघुकथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून आणि काहींना न सांगता, आणि निघालं काय तर शेवट माहीत असलेल्यांनाच गोष्टी जरा जास्त आवडल्या. नंतर दुसऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत उलटंही निघालं, तेव्हा मिस्टरांनी लगेच कॉलर ताठ करू नये.

पण तुमचा राग खरा आहे. डॉक्टर खुनी निघाला याचं तुम्हाला काही वाटलं नाहीये, पोराला तुमच्या आधी कळलं आणि त्याने ते येता-जाता तुमच्या अंगावर टाकलं, याचा राग आलाय. गुपिताची गंमत त्या उत्तरात फार थोडी असते. कुणाला माहितीये, कुणाला नाही आणि ज्याला माहितीये तो तोंड कसं बंद ठेवतोय, यात ती असते. शेजारीण "तुला म्हणून सांगते, कुणाला बोलू नकोस" म्हणाली की बातमी फडतूस असली तरी आपण गॅस बारीक करून ऐकतोच ना?

आता 'रात्रीस खेळ चाले' आठवा. 2016 ला पहिला भाग आला तेव्हा मालिका सुरूच झाली अण्णा नाईकांच्या मरणाने. मग 2019 ला दुसरा भाग आला तो त्याच्या आधीची गोष्ट सांगणारा, म्हणजे हा माणूस मरणार हे सगळ्या महाराष्ट्राला पाठ होतं, आणि तरी लोक अण्णा आणि शेवंता बघायला रोज रात्री टीव्हीपुढे बसलेच. आमच्याकडे तर पहिल्यापेक्षा दुसराच भाग जास्त चालला. कारण आता प्रेक्षकाला माहीत होतं आणि पडद्यावरच्या माणसांना नव्हतं. माई देवापुढे दिवा लावतायत आणि आपण सोफ्यावरून म्हणतोय, अहो माई, काही उपयोग नाही हो.

रहस्यपटांचा दिग्दर्शक हिचकॉक, त्याने हेच बॉम्बचं उदाहरण देऊन सांगितलं होतं. दोघं टेबलाशी गप्पा मारतायत आणि अचानक बॉम्ब फुटला तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकणार. पण टेबलाखाली बॉम्ब ठेवलाय हे प्रेक्षकाला आधीच दाखवलं तर त्याच फालतू गप्पा तो पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून ऐकणार. आपल्या शेजारच्या गोव्यातली ती केबलवाल्याची गोष्ट घ्या, 'दृश्यम'. खून आपल्या डोळ्यांदेखत होतो, आणि मग 2 ऑक्टोबरला ही मंडळी पणजीला सत्संगाला गेली होती हे आपण त्यांच्याबरोबर घोकायला लागतो. पोलीस विचारतात आणि घाम आपल्याला फुटतो. त्या कटात आपल्यालाही घेतलेलं असतं ना. (एक गोष्ट तेवढी शेवटपर्यंत आपल्यापासूनही लपवलीय, ती इथे सांगत नाही, कुणीतरी अजून बघितला नसेल.)

माझा स्वतःचा एक किस्सा सांगते. लहानपणी मामाकडे गेलं की कोपऱ्यावरच्या लायब्ररीतून बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं भाड्याने आणायचो. हजाराच्या वर पुस्तकं त्या एका माणसाची, त्यामुळे सुट्टी संपायची पण अर्नाळकर संपायचे नाहीत. एकदा एका पुस्तकात दहाव्या पानावर कुणीतरी पेन्सिलने लिहून ठेवलेलं, "खुनी माळी आहे". मी अशी भडकले की विचारू नका. पण पुस्तकाचं भाडं मामाने भरलेलं, म्हणून वाचलं. अख्खं पुस्तक माझी नजर त्या माळ्यावर, तो फुलं तोडतोय तरी मला संशय, तो पाणी घालतोय तरी संशय, आणि शेवटी माळी बिचारा निर्दोष निघाला! कुणीतरी मुद्दाम खोटं लिहून ठेवलं होतं. ते पुस्तक कुठलं ते आता आठवत नाही, पण त्या पेन्सिलवाल्या माणसाला मी अजून मानते.

तुमच्या मुलासाठी एक उपाय आहे, करून बघा. लंडनमध्ये अगाथा ख्रिस्तीचं 'द माउसट्रॅप' हे नाटक 1952 पासून चालू आहे, मध्ये कोविडमुळे बंद पडलं तेवढंच. नाटक संपलं की नटमंडळी प्रेक्षकांना विनंती करतात की खुनी कोण ते बाहेर कुणाला सांगू नका. आता हे उत्तर इंटरनेटवर दोन मिनिटांत सापडतं, तरी नाटक बघून आलेला माणूस शक्यतो सांगत नाही, कारण त्या विनंतीने त्याला आतल्या गोटात घेतलेलं असतं. तसंच करा. पोराला म्हणा, तू शेवट शोधलास, ठीक आहे, आता तू रोज आमच्याबरोबर बसायचं, तोंड उघडायचं नाही, आणि आम्ही कुठे फसतोय ते बघायचं. चौदा वर्षांच्या पोराला आई-बाप फसताना बघण्याएवढी दुसरी मजा नाही.

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगला आहे आणि स्वतःची छोटी गेम बनवतोय. मोठमोठ्या गेम्समध्ये डेव्हलपर लोक अशा जागा लपवून ठेवतात ज्या बहुतेक प्लेयर्सना आयुष्यात सापडणार नाहीत. एवढी मेहनत वाया का घालवायची?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : अरे, याची सुरुवातच एका रुसव्यातून झालीय असं म्हण. अटारी कंपनी तेव्हा गेम बनवणाऱ्यांची नावं गेमवर देतच नसे. म्हणून वॉरन रॉबिनेटने 1980 च्या 'अ‍ॅडव्हेंचर' मध्ये एक गुप्त खोली लपवली. एका भुलभुलैयातून एक करडा ठिपका, अगदी एका पिक्सेलचा, उचलून योग्य ठिकाणी नेला तरच ती उघडायची आणि आत चमकणारं नाव, क्रिएटेड बाय वॉरन रॉबिनेट. तो कुणाला न सांगता नोकरी सोडून गेला. मग सॉल्ट लेक सिटीच्या एका मुलाला ती खोली सापडली, त्याने कंपनीला पत्र लिहिलं, आणि तिथल्या स्टीव्ह राइटने ठरवलं की राहू दे, ईस्टरला मुलं लपवलेली अंडी शोधतात तसं हे. गेममध्ये लपवलेल्या अशा गमतीला 'ईस्टर एग' म्हणतात, तो शब्द तिथून आला.

काही गुपितं तर विसरून राहून गेलेली असतात. बटणं दाबायची ती अशी: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. तुझ्या बाबांना नुसतं म्हणून दाखव, त्यांनी लहानपणी 'कॉन्ट्रा' खेळली असेल तर अंगठे आपोआप हलतील, तीस लाइफ मिळायच्या त्याने. हा कोड मुळात 1986 ला 'ग्रेडियस' या गेमसाठी काझुहिसा हाशिमोतोने स्वतःच्या सोयीसाठी टाकला होता, गेम टेस्ट करायची आणि ती त्यालाच जमेना म्हणून, आणि मग काढायचा राहून गेला. पोकेमॉनचंही तसंच काहीसं, 1996 च्या पहिल्या गेममधली डीबगची, म्हणजे चुका शोधायची, सोय काढल्यावर जेमतेम 300 बाइट जागा उरली, त्यात शिगेकी मोरिमोतोने म्यू नावाचा एक गुप्त पोकेमॉन घुसवला. जपानमध्ये एका मासिकाने स्पर्धेतून फक्त 20 जणांना म्यू द्यायचं जाहीर केलं तर 78,000 अर्ज आले! आणि एका ट्रकखाली म्यू लपलाय अशी अफवा उठली ती वेगळीच. ट्रक गेममध्ये खराच आहे, खाली काहीच नाही. 'जीटीए सॅन अँड्रियास' या गेमच्या जंगलात बिगफूट, म्हणजे दंतकथेतला तो केसाळ राक्षसी माणूस, शोधत लोक वर्षानुवर्षं फिरले, तोही नव्हता.

म्हणजे बघ, एका पोराला एक खोली सापडली की बाकीच्या सगळ्यांना वाटायला लागतं, कुणी सांगावं, अजून एखादी असेल. रोजच्या त्याच भिंतीवर पण हात फिरवून बघावासा वाटतो. एवढ्यासाठी एक संध्याकाळ घालव की तुझ्या गेममध्ये. फक्त कुठे काय लपवलंय ते वहीत लिहून ठेव, नाहीतर पुढच्या अपडेटला तूच ते चुकून मोडशील.

प्रश्न : मी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रहस्यकथा क्रमशः टाकते. आठव्या भागात एक बंद पेटी आलीय आणि सगळे आत काय आहे विचारतायत. किती दिवस ताणू?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कटप्पाने बाहुबलीला का मारलं हे जुलै 2015 ते एप्रिल 2017, पावणेदोन वर्षं ताणलं आणि देशाने सहन केलं, कारण उत्तर येणार हे माहीत होतं. उलट 'लॉस्ट' या अमेरिकन मालिकेने 2004 पासून सहा सीझन गुपितावर गुपित रचलं आणि 2010 ला शेवट आला तेव्हा बऱ्याच जणांची चिडचिड झाली, त्यांना वाटलं आपण मोजत बसलेल्या अर्ध्या गोष्टी तशाच राहिल्या. त्या मालिकेच्या निर्मात्यांपैकी जे. जे. अब्राम्सने एका भाषणात न्यूयॉर्कच्या जादूच्या दुकानातून घेतलेली एक पेटी दाखवली होती जी त्याने कधीच उघडली नाही, न उघडण्यातच मजा आहे म्हणे. झाकली मूठ सव्वा लाखाची हे मलाही पटतं हो, पण ज्याची मूठ आहे त्याला तरी आत काय आहे ते माहीत पाहिजे, नाहीतर वाचकाला दोन-तीन भागांत वास येतो.

म्हणून दिवस मोजू नका. तुमच्या पेटीत काय आहे ते आज रात्री मला मेल करा, आणि लिहिताना बोट अडखळलं तर समजा की तुम्हालाच अजून माहीत नाहीये. मी ग्रुपवर नाहीये, कुणाला सांगणार नाही.