वाचकांचे प्रश्न : लुथरन शाळेतील तिसरीचे वर्ष

प्रश्न : आम्ही विस्कॉन्सिन राज्यात राहतो. आमची मुलगी दुसरीपर्यंत सरकारी शाळेत शिकली. पुढील वर्षी तिला घराजवळच्या लुथरन शाळेत तिसरीत घालावे, असा विचार चालू आहे. तेथील वर्ग लहान आहेत आणि ओळखीची कुटुंबे शिक्षकांविषयी आपुलकीने बोलतात. आम्ही हिंदू आहोत, घरात रोज पूजा होते. अभ्यास आणि धर्मशिक्षण या दोन्ही बाबतींत आम्ही काय गृहीत धरावे?
– एक पालक दांपत्य

उत्तर : आपण हा प्रश्न प्रवेशाआधी विचारलात हे फार चांगले झाले, कारण अशा शाळेतील धर्मशिक्षण वेळापत्रकातील एका तासापुरते नसते. दिवसाची सुरुवात प्रार्थनेने होते, बायबलचा पाठ बहुधा रोज असतो, डबा उघडण्याआधी आभाराची प्रार्थना म्हटली जाते आणि आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी सगळी शाळा सामूहिक उपासनेसाठी जमते. तिला तेथे चॅपल म्हणतात. त्या दिवशी मुले घरून थोडे पैसे नेतात व ते एखाद्या सेवाकार्याला दिले जातात. धर्म शिकवण्यासाठी बाहेरून कोणी येत नाही. सकाळी गणित शिकवणारी वर्गशिक्षिकाच तो पाठ घेते. यांपैकी अनेक शिक्षक लुथरन महाविद्यालयांत तयार झालेले असतात आणि मंडळीने, म्हणजे स्थानिक चर्चच्या सदस्यसमूहाने, त्यांना रीतसर पाचारण केलेले असते, म्हणजे त्यांचे शिकवणे ही धर्मसेवाच मानली जाते. मिशिगनमधील एका लुथरन शाळेच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१२ साली अशा शिक्षिकेला धर्मसेवकाचे स्थान असल्याचे मान्य केले. या परंपरेची मुळे जुनी आहेत. ज्याच्या नावाने हा ख्रिस्ती पंथ ओळखला जातो त्या जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने खुद्द १५२४ साली जर्मन नगरांच्या कारभाऱ्यांना उघड पत्र लिहून मुलग्यांसाठी आणि मुलींसाठीही शाळा काढण्याचा आग्रह धरला होता. पुढे अमेरिकेत आलेल्या जर्मन स्थलांतरितांनी चर्चच्या शेजारीच शाळाही बांधल्या.

शाळा चर्चच्या कोणत्या संघाची, म्हणजे सिनडची, आहे, ते आधी पाहावे. १८४७ साली स्थापन झालेला मिसूरी सिनड आणि १८५० साली स्थापन झालेला विस्कॉन्सिन सिनड हे दोन्ही सनातनी वृत्तीचे असून बायबलमधील प्रत्येक शब्द सत्य मानतात. १९८८ साली विलीनीकरणातून उभे राहिलेले इव्हँजेलिकल लुथरन चर्च तुलनेने उदार आहे. आपल्या राज्यातील लुथरन प्राथमिक शाळा प्रामुख्याने पहिल्या दोन संघांच्या असल्यामुळे पुढील उत्तर मी त्यांनाच धरून देत आहे.

तिसरीत आपल्याला घरी सर्वांत आधी जाणवेल ते पाठांतर. बहुतेक शाळांत दर आठवड्याला बायबलमधील एखादे वचन किंवा एखाद्या स्तोत्राचे कडवे तोंडपाठ करावे लागते, शिक्षिका ते म्हणून घेते आणि त्याची नोंद गुणपत्रकातही होते. याच सुमारास अनेक शाळांत ल्यूथरच्या १५२९ सालच्या लघु कॅटेकिझमची ओळख होते. ही प्रश्नोत्तरांची छोटी पुस्तिका आहे. तिच्या आरंभी दहा आज्ञा असून प्रत्येक आज्ञेनंतर ‘याचा अर्थ काय?’ असा प्रश्न येतो आणि त्याचे उत्तरही मुलांना पाठ करायचे असते. आईवडिलांचा मान राखावा, चोरी करू नये, कोणाविषयी खोटे सांगू नये, या आज्ञांबद्दल आपल्या घरात कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. पण पहिलीच आज्ञा अन्य देव मानू नयेत अशी आहे आणि मूर्तिपूजेचा निषेध तिच्यातच शिकवला जातो.

आठ-नऊ वर्षांची मुलगी ही आज्ञा वर्गात म्हणून घरी येईल आणि आपल्या देवघरासमोर उभी राहील. या वयाची मुले शिकवलेले शब्दशः घेतात, आणि शिक्षिकेवर जितकी माया, तितका तिच्या शब्दावर विश्वास. मग आई-बाबा चुकतात का, असा प्रश्न ती विचारील किंवा, त्याहून अवघड म्हणजे, विचारणार नाही. म्हणून शाळा सुरू होण्याआधीच तिला साध्या शब्दांत सांगावे की शाळेतील माणसे येशूची उपासना मनापासून करतात, आपण आपल्या देवांची पूजा तितक्याच मनापासून करतो, शाळेत काय शिकवले ते तिने घरी मोकळेपणाने सांगावे आणि त्याबद्दल तिला कोणी रागावणार नाही. शाळेत म्हणेल ते खरे मानू नकोस, असे मात्र सांगू नये. ज्या शिक्षिकेकडून पाढे शिकायचे, तिच्यावरचा विश्वास असा तुकड्यातुकड्याने ठेवणे लहान मुलाला जमत नाही.

शिक्षिकेचीही आधी भेट घ्यावी आणि ‘आमच्या घरी गणपती बसतो, असे मुलीने वर्गात सांगितले तर आपण काय म्हणाल?’ असे सरळ विचारावे. माझ्या मते प्रवेशाच्या वेळी विचारण्याजोगा सर्वांत मोलाचा प्रश्न हाच आहे. तारण, म्हणजे पापातून मुक्ती, केवळ ख्रिस्तावरील विश्वासाने होते, ही या शाळांची श्रद्धा आहे. सर्व मार्ग सारखेच, असे उत्तर तेथे मिळणार नाही आणि तशी अपेक्षा करणे त्यांच्यावरही अन्यायाचे होईल. पण मुलीला वर्गासमोर अवघडून टाकणार नाही, तिच्या घराबद्दल आदराने बोलेन, इतके आश्वासन चांगली शिक्षिका नक्की देईल. ते मिळाले नाही तर दुसरी शाळा पाहावी, मग वर्ग कितीही लहान असोत. नाताळचा कार्यक्रम ही अनेक ठिकाणी प्रत्यक्ष उपासनाच असते आणि वर्षातून काही रविवारी वर्गाने चर्चमध्ये गाणी म्हणण्याची प्रथा असते. ही उपस्थिती सक्तीची आहे का, हेही त्याच भेटीत विचारून घ्यावे. प्रवेशासाठी बाप्तिस्म्याची अट सहसा नसते. प्रभुभोजनाचा, म्हणजे उपासनेतील भाकरी-द्राक्षारसाच्या विधीचा, प्रश्न तिसरीत येत नाही, कारण त्याआधी व्हावे लागणारे दृढीकरण, म्हणजे आपली श्रद्धा मंडळीसमोर जाहीर करण्याचा विधी, साधारणपणे सातवी-आठवीच्या सुमारास होते आणि तेही मंडळीत राहू इच्छिणाऱ्यांचे.

अभ्यासाच्या बाजूने तिसरी कोणत्याही अमेरिकन शाळेत वळणाचे वर्ष असते. एक अंकी संख्यांचे गुणाकार वर्षअखेरीस न अडखळता यावेत, अशी अपेक्षा असते. भागाकार, अपूर्णांकांची ओळख, क्षेत्रफळ आणि परिमिती याच वर्षी येतात. या शाळांत इंग्रजी अक्षरे एकमेकांना जोडून लिहिण्याचे (कर्सिव्ह) हस्ताक्षरही बहुधा तिसरीत शिकवतात. विज्ञानात चुंबक, हवामान आणि सजीवांचे जीवनचक्र असते, आणि जीवाश्मांचा विषयही येतो. तेथे वरील दोन्ही सिनडांच्या शाळा सहा दिवसांच्या सृष्टिनिर्मितीची शिकवण सत्य म्हणून सांगतात. हा भाग मला गंभीर वाटतो. पुढच्या इयत्तांत उत्क्रांती कशी शिकवली जाते, ते विचारावे आणि पृथ्वीच्या प्राचीनत्वाची माहिती मुलीला ग्रंथालयातील पुस्तकांतून, संग्रहालयातून आपण स्वतः द्यावी. लहान शाळांत तिसरी-चौथीचा वर्ग एकच असू शकतो. शिक्षिका अनुभवी असेल तर त्याची काळजी नसावी.

शुल्काचे दर बहुधा मंडळीच्या सदस्यांना कमी आणि इतरांना जास्त असतात. आपल्या राज्यात उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्या कुटुंबांसाठी खासगी शाळेचा खर्च राज्याने उचलण्याची शाळा-निवड योजनाही आहे. तिची सुरुवात १९९० साली मिलवॉकीत झाली. या योजनेतून आलेल्या मुलाच्या पालकांनी लेखी विनंती केल्यास शाळा त्याला धार्मिक कार्यक्रमांत सहभागी होण्याची सक्ती करू शकत नाही, तसेच त्याला तिसरीपासून राज्याची फॉरवर्ड परीक्षा द्यावी लागते. स्वतः शुल्क भरणाऱ्या पालकांना या सवलतीचा असा कायदेशीर आधार नाही. तरीही मला वाटते की, रोजच्या उपासनेतून मुलीला वेगळे बसवावे लागणार असेल तर ही शाळा निवडूच नये. वर्गमित्र गात असताना एकटीने ग्रंथालयात बसणे तिला त्या गाण्यांपेक्षा अधिक जड जाईल.

प्रश्न : आमचा मुलगा लुथरन शाळेत तिसरीत आहे. वाचनात तो बराच मागे आहे. खासगी शाळा असल्यामुळे सरकारी मदत मिळणार नाही, असे एका परिचितांनी सांगितले. ते खरे आहे का?
– एक आई

उत्तर : ते अर्धेच खरे आहे. दिव्यांग मुलांच्या शिक्षणाविषयीच्या संघीय कायद्यानुसार खासगी आणि धार्मिक शाळांतील मुलांचाही शोध घेऊन तपासणी करण्याची जबाबदारी शाळा-जिल्ह्यावर, म्हणजे त्या भागातील सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेवर, असते, आणि ही तपासणी विनामूल्य असते. शाळा ज्या शाळा-जिल्ह्यात आहे त्याच्या विशेष शिक्षण विभागाकडे आपण तारीख घालून लेखी विनंती करावी. तोंडी बोलण्यावर राहू नये. फरक तपासणीनंतर पडतो. सरकारी शाळेतील मुलाला वैयक्तिक शिक्षण आराखड्यातील सर्व सेवा हक्काने मिळतात, तर पालकांनी स्वतःहून खासगी शाळेत घातलेल्या मुलाला तसा वैयक्तिक हक्क नसतो. जिल्ह्याने अशा मुलांसाठी राखलेल्या मर्यादित निधीतून, सेवा आराखड्यानुसार, काही मदत मिळू शकते.

हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. पहिली-दुसरीत मूल वाचायला शिकते; तिसरीपासून विज्ञानाचा धडा आणि गणिताचे शाब्दिक उदाहरणही त्याला स्वतः वाचून समजून घ्यावे लागते, त्यामुळे वाचनातील अडचण सगळ्या विषयांत पसरते. अक्षर आणि ध्वनी यांची जोड शाळा पद्धतशीर शिकवते का, आणि मुलगा नेमका कोठे अडतो, याविषयी वर्गशिक्षिकेशी सविस्तर बोलावे. साप्ताहिक पाठांतराचे वचन त्याला वाचून पाठ करणे कठीण जात असेल, तर ऐकून पाठ करण्याची मुभा मागावी. ती सहसा आनंदाने दिली जाते.

प्रश्न : माझी नात अमेरिकेत लुथरन शाळेत तिसरीत शिकते. फोनवर ती मला बायबलमधील वचने म्हणून दाखवते. मी ऐकावे की तिला श्लोक म्हणायला सांगावे?
– एक आजी

उत्तर : आजी, आपण ऐकावे, आणि छान म्हटलेस असेही सांगावे. तिने मेहनतीने पाठ केलेली गोष्ट ती आपल्याला विश्वासाने दाखवते आहे. त्याच फोनवर आपणही तिला एखादा श्लोक शिकवावा, मात्र तिच्या वचनाला उत्तर म्हणून नव्हे. तिचे म्हणून झाले की थोड्या गप्पा होऊ द्याव्यात आणि मग आपल्या लहानपणी आपण तो कोणाकडून शिकलात, ते सांगून शिकवावा. तिने देवाविषयी अवघड प्रश्न विचारला तर आपल्याला काय वाटते ते प्रामाणिकपणे सांगावे, आणि तो प्रश्न तिने विचारला होता, हे तिच्या आईवडिलांच्या कानावर घालावे.