जर्मनीतून ट्रक पाठवताय? आधी रविवार बघा

पोलंड ते फ्रान्स मालाचं नियोजन नव्यानेच हातात आलंय, तर सगळ्या देशांच्या ट्रकबंदीची कोष्टकं पाठ करत बसू नका. आधी जर्मनी पक्कं करा, तुमची वाट तिथूनच जाते.

तिथे रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला मध्यरात्रीपासून रात्री १० पर्यंत ७.५ टनांवरच्या ट्रकना बंदी असते. फ्रान्समध्ये ती शनिवारी रात्री १० लाच सुरू होते. ताजं दूध, ताजी भाजी यांना जर्मनीत सूट आहे.

नवे लोक हमखास चुकतात ते इथे:

- फक्त देशाची सुट्टी बघतात, राज्याची नाही. १ नोव्हेंबरला बव्हेरियात सुट्टी असते, शेजारच्या हेसेनमध्ये नसते.
- जुलै-ऑगस्टचे शनिवार विसरतात. काही ऑटोबानवर (जर्मनीतले द्रुतगती महामार्ग) तेव्हा सकाळी ७ ते रात्री ८ बंदी असते.
- ट्रक थांबणार कुठे, हे ठरवतच नाहीत. माझ्या मते सगळ्यात वाईट चूक हीच. शनिवारी संध्याकाळी पार्किंग भरलेली असतात आणि हाल होतात ड्रायव्हरचे. त्याची ४५ तासांची साप्ताहिक विश्रांती केबिनमध्ये घेता येत नाही, म्हणून खोलीसुद्धा आधीच बघा.

ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडचे रात्रीचे नियम सध्या बाजूला ठेवा. पहिल्या फेऱ्या नीट जमतील. वेळापत्रक बनवलंत की इथे टाका, मी बघतो.