डायपर वाढत्या अंगाचा घेऊ नका

ताई, एक्सएलचा पॅक अजून मागवला नसेल तर थांबा.

तुम्ही लिहिलंय की मुलगा सात महिन्यांचा, वजन ७.८ किलो, एल साइझचा पँटवाला डायपर घालता आणि तरी रोज पहाटे झबलं, दुपटं, खालची गोधडी सगळं ओलं. आता कंपनी बदलू की आणखी मोठा घेऊ, असं विचारलंय. मी सांगेन, दोन्ही नको. एक साइझ खाली या.

पाकिटाच्या मागचा तक्ता बघा. आपल्याकडच्या बहुतेक पँटवाल्या डायपरांवर साधारण असं छापलेलं असतं: एस ४ ते ८ किलो, एम ७ ते १२, एल ९ ते १४, एक्सएल १२ ते १७. तुमचं बाळ एसमधून बाहेर पडतंय आणि एममध्ये नुकतं शिरलंय. एलच्या हद्दीत ते अजून आलेलंच नाही. वय बघून साइझ ठरवू नका. सात महिन्यांची दोन बाळं शेजारी ठेवली तर एक साडेसहा किलोचं निघतं, दुसरं साडेनऊचं.

ही चूक मीही केली आहे, म्हणून एवढ्या ठामपणे बोलतेय. आपल्याला सवय असते ना, फ्रॉक घ्यायचा तर दोन बोटं मोठा, बूट घ्यायचे तर पुढे कापूस घालून! वाढतं अंग आहे, वर्षभर पुरेल. थोरलीच्या वेळी सेल लागला होता, एलचा मोठा पॅक स्वस्त मिळत होता आणि ती होती आठ किलोची. घेतला. पुढचे तीन आठवडे मी रोज सकाळी गोधडी वाळत घालत होते. तेही पावसाळ्यात.

मोठा डायपर जास्त शू धरतो हे खरं आहे, पण शू आधी त्याच्या आत राहिली पाहिजे ना. डायपरला दोन कामं असतात, शोषायचं आणि अडवायचं. आतली जी बारीक पूड ओली झाली की जेलीसारखी फुगते, ती शोषते. पण बाळाची धार येते एकदम, आणि पुडीला ती पिऊन घ्यायला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ पाणी अडवून धरायचं काम मांडीभोवतीच्या इलॅस्टिकचं आणि आतल्या दोन उभ्या झालरींचं. मांडीपाशी फट असेल तर पाणी तिथून निघून जातं आणि सकाळी अर्धा डायपर कोराच असतो.

हे घरी तपासता येतं. आमच्या स्वयंपाकघरात पीठ मोजायचा छोटा डिजिटल काटा आहे. (पिशवीत गुंडाळूनच ठेवायचं हो. तरी नवऱ्याने त्यानंतर दोन दिवस त्या काट्यावर मोजलेल्या पिठाच्या पोळ्यांकडे संशयाने पाहिलं.) आधी कोरा डायपर मोजला, सकाळी गळलेला मोजला. एक ग्रॅम वाढ म्हणजे ढोबळमानाने एक मिलिलिटर शू. आमचा कोरा ३० ग्रॅमच्या आसपास होता आणि गळलेला भरला ११०. म्हणजे आत जेमतेम ८० मिलिलिटर, बाकीची गोधडीत. एम घातल्यावर दुसऱ्याच रात्री तो २०० च्या वर गेला आणि गादी कोरडी. म्हणून तुम्हीही आधी मोजा. गळलेला डायपर हलका असेल, मागचा किंवा पुढचा भाग कोरा असेल, तर दोष मापाचा किंवा घालण्याचा. टम्म फुगून सगळीकडून जड झाला असेल आणि मग गळत असेल, तरच तो कमी पडतोय असं म्हणायचं.

नळाचं पाणी ओतून डायपरची परीक्षा मात्र घेऊ नका. ती पूड साधं पाणी खूप जास्त पिते, खारट पाणी बरंच कमी, आणि शू खारट असते. जाहिरातीतलं निळं पाणी बघून भुलायचं नाही ते त्यासाठीच. करूनच बघायचं असेल तर अर्धा लिटर पाण्यात सपाट चमचाभर मीठ घाला.

आता ओल कुठे येते ते नीट बघा. तुम्ही फक्त 'सगळं ओलं' लिहिलंय. उद्या पहाटे दिवा लावून हाताने चाचपा.

पोटाकडून झबलं ओलं असेल, तर मुलग्याच्या बाबतीत पहिली शंका दिशेची. डायपर चढवताना शिश्न खाली वळवून ठेवायचं. वर किंवा आडवं राहिलं की धार थेट कमरेच्या पट्टीत जाते, मग डायपर कुठलाही असो. बाळ पालथं झोपत असेल तरी ओल पुढेच येते. आणि झबल्याचं टोक कमरेच्या पट्टीत अडकलेलं नाही ना बघा. सुती कापड वातीसारखं पाणी वर ओढतं. डायपर शाबूत असतो आणि झबलं छातीपर्यंत ओलं.

तुमच्या बाळाच्या कमरेला करदोडा आहे का? आमच्या धाकट्याला आजीने हौसेने बांधला होता, दोन चांदीचे मणी घालून. डायपरची पट्टी त्या मण्यांवरून जायची आणि नेमकी तिथे फट. दोन्हीकडच्या आज्या दुखावल्या जाऊ नयेत म्हणून मी तो सोडला नाही, फक्त वर सरकवून पट्टीच्या बाहेर ठेवत गेले. पुरलं तेवढ्यावर.

मांडीकडून ओल येत असेल तर बहुधा झालर. डायपरच्या बाहेरच्या कडेला जी चुणीदार पट्टी असते ती घालताना आत दुमडते आणि आपल्याला दिसतही नाही. डायपर चढवून झाला की दोन्ही मांड्यांभोवती बोट फिरवून ती बाहेर काढायची. आतल्या दोन झालरी मात्र आतच आणि उभ्या राहायला हव्यात. मी नवीन डायपर घालण्यापूर्वी तो दोन्ही टोकांना धरून हलकासा ताणते, त्या आपोआप उठतात. इलॅस्टिक बसायला हवं जांघेच्या घडीत, चड्डीची कड बसते तिथे. खाली मांडीवर ओघळलेलं नको. रोज रात्री अर्धं मिनिट जातं याला, पण आमची निम्मी गळती एवढ्यानेच गेली होती.

पँटवाला डायपर आपण गडबडीत चड्डीसारखा वर ओढतो आणि मागून तो ढुंगणावरच अडकतो. पुढे बेंबीच्या जरा खाली आणि मागे त्याच उंचीवर येईपर्यंत चढवा. कमरेत दोन बोटं सहज जावीत. पूर्ण हात जात असेल तर मोठा. काढल्यावर फिकट वळ दिसून थोड्या वेळात गेले तर ठीक. लाल, खोल वळ राहत असतील, ढुंगण अर्धं उघडं दिसत असेल, तर लहान झाला समजा. मग पाकिटावरचा आकडा काहीही म्हणो. लुकड्या मांड्यांच्या बाळाला एका कंपनीचा एम ढिला होतो, दुसऱ्या कंपनीचा तोच एम चपखल बसतो. तेव्हा कंपनी बदलायची तर एमवर आल्यावर बदला, आणि आधी दहा-बाराचं छोटं पाकीट आणा. अगदीच ढिलं वाटलं तर रात्रीपुरता चिकटपट्टीवाला घ्या, त्यात कंबर आपल्या हाताने आवळता येते.

एक गोष्ट कुठल्याच पाकिटावर लिहिलेली नसते. मालिश. तेल लावून, आंघोळ घालून, धुरी देऊन झाल्यावरही जांघेत आणि ढुंगणावर तेलकटपणा राहतो. ते तेल डायपरच्या वरच्या पातळ थराला लागलं की तिथून पाणी आत जायला वेळ लागतो आणि ते कडेला पळतं. पुरळावरच्या पांढऱ्या जाड मलमाचंही तसंच. मालिशवाल्या मावशींना सांगा तेल हवं तेवढं लावा, पण कमरेखालचं बेसनाने किंवा साबणाने नीट काढा. मलम पातळ लावून आधी हाताने जिरवायचं.

रात्रीसाठी एक साइझ मोठा घाला, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिला असेल. तो चुकीचा नाही, पण तो वजनाच्या वरच्या टोकाला आलेल्या बाळांसाठी. ११ किलोच्या एमवाल्या बाळाला रात्री एल घाला, खुशाल. ७.८ किलोच्या बाळाला नाही. तुम्ही झोपायच्या आधी एकदा बदला, मग तो नऊला घातलेला असो की दहाला. पहाटेच्या दुधाला उठतंच असेल तर तेव्हा बाहेरची पिवळी रेघ बघा. पूर्ण निळी झाली असेल तर बदलून टाका. शी झाली असेल तर मात्र वाट बघायची नाही, लगेच.

आणि घरातून 'रात्री दूध-पाणी कमी करा' असं आलं तर ऐकू नका. या वयात बाळाचं पिणं डायपरसाठी तोडायचं नसतं. उलट अचानक डायपर नेहमीपेक्षा कोरे निघायला लागले, बाळ सुस्त वाटलं, तर ती डॉक्टरांकडे जायची वेळ.

कापडी डायपरचं तुम्ही विचारलेलं नाही, म्हणून एवढंच. नवा कापडी डायपर चार-पाच धुण्यांनंतरच नीट शोषायला लागतो आणि धुताना कपडे मऊ करायचं ते सुगंधी द्रव घालायचं नाही, त्याचाही तेलासारखाच थर बसतो.

मेणकापड काही दिवस राहू द्या. एल फोडलेला असला तरी टाकू नका, कोरड्या कपाटात पिशवीचं तोंड बांधून ठेवा. नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेलाच्या लशीला जाल तेव्हा वजन होईलच. काटा नऊच्या पुढे गेला आणि एमचे वळ खोल दिसायला लागले की मग काढा.