मिलिटरी बायबॅक भरलं नसेल तर राजीनामा थांबवा

व्हर्जिनियातल्या एका वाचकाचं पत्र समोर आहे. ते एका संघीय तपास यंत्रणेत स्पेशल एजंट आहेत आणि आर्मी रिझर्व्हमध्येही, म्हणजे राखीव सैन्यातही, आहेत. जुलै २००६ मध्ये रुजू झाले, वयाची ५० वर्षं एप्रिलमध्ये पूर्ण झाली, या जुलैअखेर २० वर्षं भरतात, आणि १ ऑगस्टला एक खासगी कंपनी त्यांची वाट पाहते आहे. पण एचआरने दिलेल्या पेन्शनच्या अंदाजात सेवा फक्त १९ वर्षं ३ महिने दाखवली आहे. त्यांचे प्रश्न तीन. हा रिझर्व्हिस्टांशी भेदभाव आहे का? युसेरा, म्हणजे लष्करी सेवेवर गेलेल्यांचे नागरी नोकरीतले हक्क जपणारा अमेरिकी कायदा, त्याखाली दावा करू का? आणि ठरल्या तारखेला राजीनामा देऊन हिशेब नंतर मिटवला तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. चालणार नाही. राजीनाम्याच्या कागदावर सही करू नका.

तुमचे नऊ महिने कुणी द्वेषापोटी कापलेले नाहीत. २०१० मध्ये फेब्रुवारी ते डिसेंबर आणि नंतर मार्च २०१९ ते जानेवारी २०२० असे दोनदा तुम्ही डिप्लॉयमेंटवर, म्हणजे लष्करी कामगिरीवर, होतात. त्या काळात एजन्सीने तुम्हाला बिनपगारी रजेवर दाखवलं. फर्स, म्हणजे संघीय कर्मचाऱ्यांची पेन्शन योजना, तिच्या नियमाप्रमाणे एका कॅलेंडर वर्षात बिनपगारी रजेचे सहाच महिने सेवेत धरले जातात. म्हणजे २०१० चे पाच आणि २०१९ चे चार महिने गेले. ठरावीक रक्कम भरून हेच नऊ महिने परत मिळवण्याची सोय कायद्यात आहे. तिला सगळे मिलिटरी बायबॅक म्हणतात, कागदोपत्री ते सर्व्हिस क्रेडिट डिपॉझिट आहे. तुम्ही ते एकदाही भरलं नाहीत. पत्रात तुम्हीच लिहिता की २०११ मध्ये युनिटमधल्या मित्राने याची आठवण केली होती आणि 'नंतर बघू' म्हणून तुम्ही ते सोडून दिलंत. दर वर्षी अशी पाच-सात पत्रं येतात, आणि प्रत्येकात हे 'नंतर बघू' असतंच. रणांगणावरून परत आलेली माणसं एका फॉर्मला इतकी का टाळतात, हे मला अजून कळलेलं नाही.

सगळं ठरवणारी अट एवढीच की हे डिपॉझिट तुमच्या एजन्सीकडे भरायचं असतं आणि नोकरीतून बाहेर पडण्याआधी पूर्ण भरलेलं असावं लागतं. बाहेर पडल्यावर ओपीएम, म्हणजे संघीय पेन्शन सांभाळणारी कचेरी, ते घेत नाही. एजन्सीच्याच प्रशासकीय चुकीमुळे राहून गेलं हे सिद्ध केलं तर अपवाद मिळू शकतो. पण 'नंतर बघू' म्हटलं होतं असं तुमच्याच हातचं पत्र माझ्याकडे असताना त्या अपवादावर मी तुमचं आयुष्य लावणार नाही.

काय पणाला लागलं आहे ते पाहा. समजा, तुमच्या सर्वाधिक पगाराच्या तीन वर्षांची सरासरी १,५०,००० डॉलर आहे. लॉ एनफोर्समेंटची (स्पेशल एजंटची नोकरी त्यातच मोडते) २० वर्षं पूर्ण करून पन्नाशीनंतर निवृत्त झालात तर प्रत्येक वर्षामागे १.७ टक्के, म्हणजे वर्षाला ५१,००० डॉलर, आणि तेही लगेच. १९ वर्षं ३ महिन्यांवर राजीनामा दिलात तर विशेष सूत्र लागूच होत नाही. साध्या एका टक्क्याने २८,८७५ डॉलर होतात, आणि ते ६२ व्या वर्षापासून. ५७ व्या वर्षी हवे असतील तर त्यातून २५ टक्के कपात. शिवाय संघीय आरोग्यविमा निवृत्तीनंतर पुढे चालू ठेवता येत नाही. घरात पन्नाशीतली दोन माणसं असताना या एका गोष्टीची किंमत पेन्शनच्या फरकाइतकीच मोठी आहे.

आणि हे सगळं टाळायला भरायचं किती? मूळ नियम लष्करी बेसिक पगाराच्या ३ टक्क्यांचा आहे. पण युसेराखाली परतलेल्या माणसाकडून, तो नागरी नोकरीतच राहिला असता तर जेवढं कापलं गेलं असतं त्याहून जास्त घेता येत नाही. तुम्ही २०१३ च्या आधी रुजू झालात, त्यामुळे तुमचा कपातीचा दर १.३ टक्के. दुसऱ्या डिप्लॉयमेंटला नागरी पगार वर्षाला १,१०,००० डॉलर धरला तर ११ महिन्यांचे साधारण १,३११ डॉलर होतात. लष्करी बेसिक महिना ६,५०० धरला तर ३ टक्क्यांनी २,१४५ झाले असते. म्हणजे कमी ते भरायचं. त्यावर व्याज आहे. परत रुजू झाल्यावर पहिली दोन वर्षं ते लागत नाही, नंतर दर वर्षी चढतं, आणि २०१० च्या तुकड्यावर बरंच चढलेलं असेल. तरीही ५१,००० च्या वार्षिक पेन्शनसमोर ही रक्कम किरकोळ आहे.

आता कामाला लागा. दोन्ही डीडी-२१४ (लष्करी सेवा संपल्याचे दाखले) आणि ऑर्डर्स काढा. आरआय २०-९७ हा फॉर्म डीएफएएसकडे, म्हणजे लष्कराचा पगार बघणाऱ्या कचेरीकडे, पाठवून दोन्ही काळांतल्या लष्करी कमाईचा दाखला मागवा. तो आला की एसएफ ३१०८ हा डिपॉझिटचा अर्ज भरून एचआरकडे द्या आणि पेरोलकडून लेखी आकडा घ्या. डीएफएएसच्या उत्तराला आठवडे लागतात, म्हणून आजच पाठवा. नव्या कंपनीला तारीख पुढे ढकलायला सांगा. त्यांना तुम्ही हवे असाल तर ते थांबतील.

एक कागद मात्र मला स्वतः बघायचा आहे. तुम्ही पाठवलेल्या २०१० च्या एसएफ-५० वर, म्हणजे नोकरीतल्या बदलांची नोंद असलेल्या कागदावर, रजेचा कोड ४६० आहे, म्हणजे साधी बिनपगारी रजा. लष्करी सेवेसाठीच्या रजेचा कोड ४७३ असतो. हा एक आकडा चुकला असेल तर हिशेब करणारा त्या काळाकडे युसेराची रजा म्हणून बघणारच नाही, आणि मग तो काळ लॉ एनफोर्समेंटच्या २० वर्षांत धरायचा का, यावरही वाद निघेल. दुरुस्तीचा लेखी अर्ज बायबॅकच्या अर्जासोबतच द्या. २०१९ चा एसएफ-५० पाठवायला तुम्ही विसरलात, तोही पाठवा.

एचआरमधल्या कुणी तुम्हाला सांगितलं की बायबॅक केलंत तर रिझर्व्हची पेन्शन सोडावी लागेल. ते चूक आहे. ती अट नियमित सैन्याची पेन्शन घेणाऱ्यांना आहे. रिझर्व्हच्या वीस 'गुड इयर्स'वर (पुरेशी हजेरी भरलेल्या वर्षांवर) मिळणारी पेन्शन आणि फर्स, दोन्हींत तोच काळ धरता येतो.

युसेराच्या दाव्याबद्दल मी सावधपणेच बोलेन. एजन्सीने कोड दुरुस्त करायला किंवा डिपॉझिट घ्यायला नकार दिला तर दावा उभा राहू शकतो. या कायद्यात मुदतीची अडचण नाही, कामगार खात्यामार्फत किंवा थेट मेरिट सिस्टिम्स प्रोटेक्शन बोर्डाकडे, म्हणजे संघीय कर्मचाऱ्यांच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाकडे, जाता येतं. पण ज्या बोर्डाकडे जानेवारी २०१७ ते मार्च २०२२ एवढा काळ कोरमच (निर्णयाला लागणारी किमान सदस्यसंख्या) नव्हता आणि अपिलांचे ढीग साचत राहिले, त्याच्या भरवशावर मी कुणाला जुलैची तारीख देत नाही. पाच वर्षं माणसं नुसत्या निकालाची वाट बघत होती. फॉर्मने जे होतं ते फॉर्मनेच करा.

पगारातल्या फरकाचं मात्र तपासून घ्या. डिप्लॉयमेंटमध्ये लष्करी पगार नागरी पगारापेक्षा कमी पडला असेल तर तो फरक एजन्सीने द्यायचा असतो. ३० एप्रिल २०२५ रोजी फेलिसियानो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं की राष्ट्रीय आणीबाणी चालू असतानाची सेवा एवढं पुरेसं आहे, तिचा आणीबाणीशी थेट संबंध दाखवावा लागत नाही. तुमच्या ऑर्डर्सवर १२३०१(डी) हे स्वेच्छेने सेवेवर जाण्याचं कलम असेल तर हा निकाल तुमच्या कामाचा आहे. आणीबाणीत सक्तीने बोलावण्याचं १२३०२ असेल तर निकालाचीही गरज नाही. जुन्या रकमेपैकी किती हाती लागेल हे ऑर्डर्स पाहिल्याशिवाय सांगणार नाही, आणि हा दावा निवृत्तीनंतरही करता येईल, तेव्हा तो आत्ता बाजूला ठेवा.

आरआय २०-९७ पाठवल्याची पोच आणि २०१९ चा एसएफ-५०, हे दोन कागद या आठवड्यात माझ्याकडे येऊ द्या. पेरोलकडून पूर्ण रक्कम जमा झाल्याची पावती मिळाली की राजीनाम्याची तारीख आपण एकत्र ठरवू.