रेडिओवर पुस्तकाबद्दल बोलताना: वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात या सदरात लेखकांच्या रेडिओ मुलाखतींचा विषय ओझरता आला आणि त्यावर इतकी पत्रं आली की हा महिना पूर्ण त्यालाच द्यायचं ठरवलं. मी स्वतः बरीच वर्षं स्टुडिओत लेखकांच्या समोर बसून त्यांना प्रश्न विचारलेत, त्यामुळे खाली जे सांगतेय ते बहुतेक स्वतः केलेलं आहे आणि काही चुका करून शिकलेलं आहे.

ताई, माझी पहिली कादंबरी आलीये आणि रेडिओवर वीस मिनिटांची मुलाखत ठरलीये. लिहिताना मला काही वाटत नाही पण बोलताना गडबडते. सगळी उत्तरं लिहून नेऊ का?
*– एक नवी लेखिका*

लिहून नेऊ नका, अगदी मनापासून सांगते. वाचलेलं उत्तर ऐकणाऱ्याला दुसऱ्या वाक्याला कळतं. आवाज एका पट्टीत जातो, प्रत्येक वाक्य एकाच जागी येऊन खाली पडतं, आणि समोरचा कितीही जीव तोडून विचारत असला तरी दोघं आपापला कागद वाचतायत असं वाटायला लागतं. त्यापेक्षा एक छोटं कार्ड न्या, त्यावर पात्रांची नावं, एखादं साल, आणि जो प्रसंग तुम्हाला सांगायचाच आहे त्याचे दोन शब्द, बस. पात्रांची नावं कशाला असं वाटेल, पण लाल दिवा लागल्यावर आपण सहा वर्षं जिच्यासोबत काढली त्या नायिकेचं नाव विसरलेले लेखक मी पाहिलेत आणि ते सगळे चांगले लेखक होते.

आता खरी तयारी कशाची करायची ते सांगते. पहिला प्रश्न जवळजवळ नक्की येणार, "कादंबरी कशाबद्दल आहे?" आणि याच प्रश्नाला बहुतेक जण अडखळतात कारण तो इतका सोपा वाटतो की त्याचा विचारच केलेला नसतो. मग तोंडातून येतं, "ही कादंबरी मानवी नात्यांचा वेध घेते." ऐकणारा तिथेच सुटला. त्याच पुस्तकाबद्दल असं म्हणून बघा, "दोन भाऊ आहेत, वडील गेल्यावर घर विकायचं ठरतं, आणि धाकटा सही करत नाहीये कारण त्या घरात त्याने एक गोष्ट लपवलीये जी मोठ्याला माहीत नाही." आता ऐकणाऱ्याला पुढचं हवंय. अशी दोन वाक्यं घरी मोठ्याने म्हणून बघा, मनातल्या मनात नाही, मोठ्याने, कारण डोळ्याला सुंदर वाटणारं वाक्य जिभेवर अडकतं हे म्हटल्याशिवाय कळतच नाही.

आणि त्यापुढे गोष्ट सांगत बसू नका. गोष्ट पुस्तकात आहेच. रेडिओवर ऐकायला आवडतं ते पुस्तक कसं झालं ते. कुठलं प्रकरण चारदा फाडलं, कुठलं पात्र आधी दोन पानांचं होतं आणि मग ऐकेचना, शेवट कधी सुचला. एका लेखिकेने मला सांगितलं होतं की तिच्या कादंबरीतली आजी आधी बोलकी होती, सगळं समजावून सांगायची, आणि तिसऱ्या खर्ड्यात तिने आजीचे सगळे संवाद काढून टाकले, फक्त तिचे हात ठेवले, दोरा ओवताना थरथरणारे. हे सांगताना तिने टेबलावर स्वतःचा हात तसाच धरला होता. तो हात ऐकणाऱ्यांना दिसला नाही पण तिचा आवाज हळू झाला आणि तेवढ्यानेच पोचलं.

बाकी बारीकसारीक: माइकपासून साधारण एक वीत अंतर ठेवा आणि तोंड त्याच्या अगदी समोर धरण्यापेक्षा जरा तिरकं धरा, नाहीतर प, फ, भ म्हणताना फाट फाट आवाज येतो. वाजणाऱ्या बांगड्या काढून ठेवा. मान डोलावून "हो" म्हणू नका, ते कुणाला दिसत नाही. "माझ्या पुस्तकात" म्हणण्याऐवजी अधूनमधून पुस्तकाचं नाव घ्या, कारण कित्येक जण मुलाखत मधूनच ऐकायला लागतात. यात स्वतःची जाहिरात वगैरे काही नाही, ती ऐकणाऱ्याची सोय आहे. आणि बोलायचं ते "तमाम श्रोत्यांशी" नाही, समोर बसलेल्या त्या एका माणसाशी. रेडिओ ऐकणारा बहुतेक वेळा एकटाच असतो, भांडी घासताना, गाडी चालवताना, रात्री झोप येत नसताना, आणि त्याला कुणीतरी आपल्याशीच बोलतंय असं वाटलं पाहिजे.

मुलाखतीत पुस्तकातला उतारा वाचायला सांगितलाय. किती वाचू आणि कुठला?
*– कथालेखक*

दोन मिनिटं, जास्तीत जास्त तीन. छापील अडीचशे शब्दांना निवांत वाचलं तर दोन मिनिटांच्या आसपास लागतात, त्या हिशोबाने घ्या. पुस्तकाची सुरुवातच वाचली पाहिजे असं काही नाही. ज्यात एकच प्रसंग आहे, दोनच माणसं आहेत आणि मागचं फारसं सांगावं लागत नाही असा तुकडा निवडा. चार पात्रं एकत्र बोलत असतील तर कोण काय म्हणालं हे कानाला कळत नाही, पानावर ते नवीन ओळीमुळे कळत असतं. म्हणून वाचण्यापुरतं तुमचंच वाक्य बदललंत तरी चालेल, "तो म्हणाला" घाला, लांब वाक्य तोडा. काही लेखकांना हे पाप वाटतं, मला नाही वाटत. उतारा मोठ्या अक्षरात, कागदाच्या एकाच बाजूला छापून न्या आणि पिन मारू नका, सुटी पानं हळूच बाजूला सरकवता येतात, पलटलेल्या पानाचा आवाज मात्र माइक पकडतोच.

माझं पुस्तक घरातल्या आजारपणावर आहे. कादंबरीच आहे पण लोक ओळखतात. "हे तुमच्याच घरात घडलं का?" असं विचारलं तर काय करू? खोटं बोलायचं नाहीये आणि खरं सांगायची इच्छा नाहीये.
*– नाव नको*

तुमच्या पत्राने मला थांबवलं, कारण हा प्रश्न मी स्वतः कितीतरी जणांना सहज विचारून टाकलाय आणि त्यांच्यावर काय गुजरलं असेल याचा तेव्हा विचार केला नव्हता.

आधी एक गोष्ट करा, मुलाखतीच्या अगोदर निवेदकाला स्पष्ट सांगा की या एका बाजूला जायचं नाही. यात संकोच वाटायचं काही कारण नाही. टेरी ग्रॉस म्हणून अमेरिकेतल्या रेडिओवरच्या फार मोठ्या मुलाखतकार आहेत, १९७५पासून 'फ्रेश एअर' हा कार्यक्रम चालवतायत, त्या स्वतःच पाहुण्याला आधी सांगतात की माझा एखादा प्रश्न फार खासगी वाटला तर तसं म्हणा, मी पुढे जाईन. इतक्या अनुभवी बाईंना हे सांगावंसं वाटतं म्हणजे पाहुण्याने मागणं अजिबात गैर नाही.

आणि तरीही प्रश्न आलाच तर उत्तर पुस्तकाकडे वळवा, पण खऱ्या गोष्टीने वळवा. म्हणजे असं, "घरात काय झालं ते घरात राहू दे, पण आजारी माणसाच्या खोलीत वेळ कसा जातो हे मला लिहायचं होतं, तिथे दुपार संपतच नाही." यात खोटं काही नाही, तुम्ही काही उघडं केलं नाही, आणि ऐकणाऱ्याला काहीतरी मिळालं. नुसतं "नो कमेंट्स" म्हटलं की लोकांचं कुतूहल उलट वाढतं. मुलाखत रेकॉर्डेड असेल आणि भावनेच्या भरात नको ते बोलून गेलात तर त्याच वेळी सांगा, हे काढा. चांगला निवेदक काढतो. लाइव्ह असेल तर ती सोय नाही, म्हणून रेकॉर्डेड आहे की लाइव्ह हे आधी विचारून ठेवा.

फोनवरून मुलाखत द्यायचीये, स्टुडिओत जाणं शक्य नाही. मजा येईल का?
*– कवी*

येईल. टेरी ग्रॉस यांचेही बरेचसे पाहुणे समोर नसतात, दुसऱ्या स्टुडिओतून लाइनवर बोलतात. चेहरा दिसत नसला की दोघंही जास्त नीट ऐकतात. फक्त खोली बघून बसा, पडदे, गादी, कपड्यांचं कपाट असलेली खोली उत्तम, रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. पंखा बंद. स्पीकरफोनवर अजिबात नको. आणि दुसरा एखादा फोन तोंडाजवळ ठेवून त्यावर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून नंतर पाठवता का असं कुणी विचारलं तर हो म्हणा, ते दोन आवाज जुळवतात आणि तुम्ही तिथेच बसलेले वाटता.

मी नुकताच एका छोट्या रेडिओ केंद्रावर मुलाखती घ्यायला लागलोय. पुस्तक दोन दिवस आधी हातात पडतं, चारशे पानांचं. पूर्ण न वाचता मुलाखत घेतली तर चालेल का?
*– नवा निवेदक*

दादा, वाचा. चारशे पानं असली तरी वाचा, झोप कमी करून वाचा. मायकल सिल्व्हरब्लाट नावाचे गृहस्थ अमेरिकेतल्या रेडिओवर १९८९ ते २०२२ 'बुकवर्म' नावाचा लेखकांच्या मुलाखतींचा कार्यक्रम करत होते आणि पाहुणा येण्याआधी त्याचं फक्त नवं पुस्तक नाही, आधीची पुस्तकंही वाचून बसायचे अशीच त्यांची ख्याती होती. शिकागोचे स्टड्स टर्केल यांनी ४५ वर्षं रेडिओवर लोकांशी गप्पा मारल्या आणि लेखक यायचा असला की त्याचं पुस्तक खुणांनी, शेऱ्यांनी भरून टाकायचे. लेखकाला स्वतःचं पुस्तक असं चुरगळलेलं, खुणा केलेलं निवेदकाच्या हातात दिसलं की तो वेगळाच बोलतो. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, खांदे खाली येतात, पाठ खुर्चीला टेकते.

खरंच वेळ नसेल तर अर्धवट सगळं चाळण्यापेक्षा सुरुवातीची पन्नास पानं आणि मधलं एक प्रकरण नीट वाचा आणि त्याबद्दलच विचारा, आणि लेखकाला खरं सांगा. मलपृष्ठावरचा मजकूर प्रश्न म्हणून विचारू नका, तो त्याला पाठ असतो.

आणि एक, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. गप्प बसायला शिका. सुरुवातीच्या दिवसांत मी एका बाईंना त्यांच्या कादंबरीतल्या आईबद्दल विचारलं, ती आई पोराला सोडून का जाते. त्या गप्प झाल्या. मला वाटलं प्रश्न चुकला, रेडिओवर शांतता म्हणजे काहीतरी बिघडलं अशी धास्ती असते ना, मी लगेच पुढचा प्रश्न टाकला, मुखपृष्ठाबद्दल काहीतरी. रात्री एडिटिंगला बसले आणि हेडफोनवर ती जागा ऐकली तर माझ्या पुढच्या प्रश्नाच्या अगदी आधी त्यांनी श्वास आत घेतलेला स्पष्ट ऐकू येतो. त्या बोलणार होत्या. मी ती जागा दहा वेळा तरी ऐकली असेल. काय म्हणणार होत्या ते मला कधीच कळलं नाही, विचारायचा धीर झाला नाही आणि आता त्या नाहीत. तेव्हापासून लेखक थांबला की मी मनात चारपर्यंत मोजते. तुम्हीही मोजा. फार लांबली तर एडिटिंगमध्ये शांतता कापता येते, पण न बोललेलं उत्तर कुठून जोडणार?

माझ्या अत्यंत आवडत्या लेखकाची मुलाखत ऐकली आणि वाईट वाटलं. आवाज किरटा, बोलणं तुटक. आता पुस्तक उघडलं की तोच आवाज ऐकू येतो. काय करू?
*– एक वाचक*

तुमचं दुःख खरं आहे, मला तुमची समजूत काढायची नाहीये. वाचताना आपण लेखकाला एक आवाज देऊन टाकलेला असतो आणि तो मोडला की राग येतो.

पण एक सांगते. इंग्रजी कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फ यांच्या आवाजाचं एकच रेकॉर्डिंग आज उरलंय, २९ एप्रिल १९३७ला बीबीसीवर दिलेल्या भाषणाचं, जेमतेम आठ मिनिटांचं. मुलाखत नाही, लिहिलेलं वाचलेलं भाषण. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही तुमच्यासारखंच झालं होतं, हा असा आवाज? नंतर वाचनात आलं की त्यांचे भाचे आणि चरित्रकार क्वेंटिन बेल यांनी लिहून ठेवलंय की त्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज फार घाईचा आणि सपाट आलाय, ओळखूच येत नाही, प्रत्यक्षात तो सुंदर होता. म्हणजे ज्यांनी तो प्रत्यक्ष ऐकला होता त्यांनाच तो परका वाटला. माइक, घाबरलेपण, समोरचा कागद, यातून जे पोचतं तो लेखकाचा पूर्ण आवाज नसतोच.

तुमचे ते लेखक बहुधा घाबरलेले असतील. महिनाभर पुस्तक बाजूला ठेवा आणि मग त्यातलं तुमचं सगळ्यात आवडतं पान स्वतः मोठ्याने वाचा, दोनतीन दिवस. तुमच्याच आवाजात. मी वुल्फबाईंच्या बाबतीत तेच केलं होतं.